सोनाराच्या बाटलीतलं तेजाब आणि रॉकेटची टाकी

राळेगाव तालुक्यातल्या एका सोनाराच्या मुलानं मला विचारलंय. तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: “काका, आमच्या दुकानात सोनं पारखायला नायट्रिक ॲसिड असते, आम्ही त्याले तेजाब म्हणतो. हेच तेजाब रॉकेटमध्ये वापरत होते म्हणे. पाण्यासारखी पातळ वस्तू जाळायला मदत कशी करते? इतकं कामाचं होतं तर आता काऊन वापरत नाहीत? अन् बाबाच्या तेजाबावर एखादं लहान इंजिन कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बनवता येईल का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बेटा. नाही. घरी नाही, दुकानाच्या मागच्या पडवीत नाही, वावरातही नाही. त्याची कारणं पुढे येतीलच. पण तू विचारलंस याचा मला आनंद आहे, कारण मी एकतीस वर्षं याच कामात काढली. आधी ॲसिड प्लांटमध्ये ऑपरेटर होतो, नंतर रॉकेट इंजिनांच्या चाचणीसाठी ऑक्सिडायझरच्या, म्हणजे इंधनाला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रवाच्या, टाक्या भरणाऱ्या आणि रिकाम्या करणाऱ्या पथकात. आता हिंगणघाटच्या बाजूला गावी असतो. या विषयावर मराठीत नीट बसून कुणी बोलत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

तुझ्या दुकानातच तीन गोष्टी तू पाहिल्या असशील. वडिलांच्या बोटांवर पिवळे डाग पडतात आणि धुतल्यानं जात नाहीत, कातडी बदलेल तेव्हाच जातात. चैत्र-वैशाखात बाटलीतलं पांढरं तेजाब पिवळसर होतं. आणि तांब्याची भेसळ असलेला तुकडा त्यात टाकला की तपकिरी धूर निघतो. रॉकेटवाल्यांनी या ॲसिडशी जी झुंज दिली ती या तीन गोष्टींशीच दिली.

आधी जळण्याचं बघू. जळणं म्हणजे इंधनानं ऑक्सिजन घेणं. चुलीला तो हवेतून मिळतो, म्हणून आजी फुंकणी मारते. रॉकेट वर गेलं की हवा संपते, त्यामुळे ते आपला ऑक्सिजन बांधून सोबत नेतं. दिवाळीच्या अनारात हेच काम शोरा करतो. शोरा आणि नायट्रिक ॲसिड एकाच घरातले. दोघांमध्येही एका नायट्रोजनला तीन ऑक्सिजन चिकटलेले असतात, आणि नायट्रोजनला ही सोबत फारशी मानवत नाही. संधी मिळाली की ऑक्सिजन सोडून दोन नायट्रोजन एकमेकांना घट्ट धरतात आणि साधी हवेतली नायट्रोजन होऊन बसतात.

हिशोब स्वतः करून बघ. शुद्ध नायट्रिक ॲसिडचा रेणुभार ६३. चार रेणू मोडले तर दोन पाणी, दोन नायट्रोजन आणि पाच ऑक्सिजन मिळतात. म्हणजे २५२ भागांतले १६० भाग मोकळा ऑक्सिजन, वजनाच्या साधारण ६३.५ टक्के. एक लिटर शुद्ध ॲसिड सुमारे १.५१ किलो भरतं, त्यात ९६० ग्रॅमच्या आसपास जाळायला मिळणारा ऑक्सिजन असतो. एवढा ऑक्सिजन हवेतून घ्यायचा तर साडेतीन हजार लिटरच्या घरात हवा लागेल. द्रवरूप ऑक्सिजन एका लिटरला १.१४ किलो, म्हणजे फरक फार नाही. पण द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर ठेवावा लागतो आणि ठेवला तरी सतत उडून जातो. ॲसिड ८३ अंशांपर्यंत उकळत नाही, उणे ४२ पर्यंत गोठत नाही. चंद्रपूरचा मे आणि सायबेरियाची थंडी, दोन्ही त्याला चालतात. भरून ठेवता येईल आणि हवं तेव्हा चालवता येईल असं रॉकेट ज्यांना हवं होतं, त्यांना हे ॲसिड म्हणजे घबाड वाटलं. त्यात लष्करवाले सगळ्यात पुढे होते.

एक खुलासा इथेच करतो. तुमच्या बाटलीतलं तेजाब ६८-७० टक्क्यांचं, बाकी पाणी. साध्या ऊर्ध्वपातनानं ते ६८ टक्क्यांच्या वर जात नाही, कारण तिथे पाणी आणि ॲसिड मिळून एकाच तापमानाला उकळतात. रॉकेटचं ॲसिड जवळजवळ कोरडं असतं. ‘पांढरं’ म्हणतात त्यात पाणी दोन टक्क्यांहूनही कमी. ‘लाल’ म्हणतात त्यात नायट्रोजन टेट्रॉक्साइड मुद्दाम विरघळवलेला असतो. हा टेट्रॉक्साइड म्हणजे तुझ्या दुकानातल्या तपकिरी धुराचेच, नायट्रोजन डायऑक्साइडचे, दोन-दोन रेणू जोडलेले. उघडल्याबरोबर दोन्ही धुरतात. रशियनांच्या एका मिश्रणात तर हा टेट्रॉक्साइड २७ टक्के होता.

सुरुवात कशी झाली तेही सांगतो, कारण त्यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात फ्रँक मलिना आणि जॅक पार्सन्स यांचा गट १९४०च्या सुमारास विमानाला उडताना जोर देणारं छोटं रॉकेट बनवत होता. लाल ॲसिड आणि पेट्रोल असा जोडा त्यांनी घेतला. इंजिन पेटायचं, पण धडधडायचं, आणि धडधडता धडधडता फुटायचं. मग त्यांना कळलं की अमेरिकी नौदलाच्या एका गटाला इंधन म्हणून ॲनिलिन हा अमाइन जातीचा तेलकट द्रव सापडलाय. लाल ॲसिड आणि ॲनिलिन एकमेकांना भेटले की ठिणगी न लावता पेटतात. पेट्रोल काढून ॲनिलिन घातलं आणि धडधड थांबली. एप्रिल १९४२ मध्ये ए-२० जातीचं बॉम्बफेकी विमान याच जोडीवर धावपट्टीवरून उडालं. १९४५ चं ‘वॅक कॉर्पोरल’ हे चाचणी रॉकेट याच घराण्यातलं, ते सत्तर किलोमीटरच्या आसपास उंच गेलं.

आपोआप पेटण्याचा फायदा लोकांना सोय म्हणून माहीत आहे, पण खरा मुद्दा वेळेचा आहे. दोन द्रव ज्वलनकक्षात आले आणि काही मिलिसेकंदात पेटले तर ठीक. पेटायला उशीर झाला तर तेवढ्या वेळात कक्षात आणखी द्रव साठतो, आणि मग सगळं एकदम पेटतं. त्याला आम्ही ‘हार्ड स्टार्ट’ म्हणतो. इंजिनाचे तुकडे गोळा करावे लागतात. घरी इंजिन बनवू नकोस म्हणतो त्याचं हे पहिलं कारण. हा उशीर ॲसिडातल्या थोड्याशा पाण्यानंही वाढतो, आणि तुमच्या तेजाबात तर तिसरा हिस्सा पाणीच आहे.

१२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन पृथ्वीभोवती एक फेरी मारून परत आला. त्याचं यान कक्षेतून खाली आणणारं इंजिन अलेक्सेई इसायेव्हच्या गटानं बनवलं होतं, आणि ते नायट्रिक ॲसिडवर आणि अमाइन जातीच्या इंधनावर चाललं. चाळीसेक सेकंद. तेवढे सेकंद ते चाललं नसतं तर तो माणूस वरच अडकला असता. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. ज्या द्रवानं तुझ्या वडिलांची बोटं पिवळी होतात, त्याच्याच जातीच्या द्रवानं पहिला अंतराळवीर घरी आणला.

आपल्याकडेही हा द्रव आला. ‘पृथ्वी’ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी २५ फेब्रुवारी १९८८ ला झाली. त्यात लाल ॲसिड आणि इंधन म्हणून झायलिडीन-ट्रायइथिलअमाइन या अमाइनांचं मिश्रण होतं, रशियनांच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांत होतं त्या धर्तीचं.

आता ‘मग सोडलं काऊन’ याकडे येतो. लोकांना वाटतं ॲसिडपेक्षा जास्त जोराचं काही सापडलं म्हणून सोडलं असेल. तेही आहे, पण ते दुय्यम. माझ्या अनुभवात आगीचा प्रश्न तुलनेनं लवकर सुटतो. छळतं ते भांडं. हे ॲसिड ठेवायचं कशात, यावर दोन पिढ्यांचे रसायनशास्त्रज्ञ झिजले.

यातली पहिली गंमत तुला माहीत असेल. पातळ नायट्रिक ॲसिडात लोखंडाचा खिळा टाकला तर तो फसफसून विरघळतो. तोच खिळा दाट ॲसिडात टाकला तर क्षणभर काहीतरी होतं आणि मग तो शांत पडून राहतो. त्याच्यावर ऑक्साइडचा इतका पातळ आणि घट्ट पापुद्रा बसतो की ॲसिड आत पोचत नाही. बाझेलच्या क्रिस्टियान शोनबाइननं १८३६ मध्ये याचा अभ्यास केला, फॅरेडेशी पत्रव्यवहारही केला. ॲल्युमिनियमचंही तसंच: पाणी मिसळलेलं ॲसिड त्याला खातं, जवळजवळ कोरडं ॲसिड त्याला फारसं लागत नाही. स्टेनलेस स्टीलचं जवळपास उलटं. साध्या ताकदीच्या ॲसिडाला ते छान टिकतं, पण धुरणाऱ्या पांढऱ्या ॲसिडात हळूहळू झिजतं. म्हणजे ‘ॲसिडप्रूफ भांडं’ असं काही नसतं. किती टक्क्यांचं ॲसिड, कोणत्या तापमानाला आणि किती दिवस, हे विचारल्याशिवाय भांडं ठरवता येत नाही.

झीज म्हणजे नुसतं भांडं पातळ होणं असंही नाही. झिजलेला धातू नायट्रेट होऊन ॲसिडात उतरतो, त्याचा गाळ होतो, आणि तो गाळ इंजेक्टरच्या, म्हणजे ज्वलनकक्षात द्रव फवारणाऱ्या भागाच्या, केसाएवढ्या छिद्रांत जाऊन बसतो. वर्षभर ठेवलेलं क्षेपणास्त्र ऐनवेळी पेटतं, पण एका बाजूनं कमी.

आणि तुमच्या बाटलीचं ते पिवळं होणं. उन्हानं आणि उष्णतेनं ॲसिड आपोआप मोडत असतं. त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड, पाणी आणि ऑक्सिजन निघतो. पिवळा रंग त्या डायऑक्साइडचा. ऑक्सिजन मात्र द्रवात राहत नाही, वरच्या जागेत साठतो. घट्ट बूच असलं की दाब वाढत जातो. तुमच्या दुकानात उन्हाळ्यात बूच उघडताना ‘फुस्’ आवाज येत असेल. आता बाटलीच्या जागी काही टनांची टाकी घे, आणि ती दोन उन्हाळे उघडायची नाही असं समज. लाल ॲसिडात टेट्रॉक्साइड आधीच भरलेला असल्यानं ही मोडतोड मंदावते, आणि त्यानं पेटणंही सुधारतं. लाल ॲसिड पांढऱ्याला मागे सारून पुढे गेलं त्यामागे ही दोन्ही कारणं होती.

झिजण्यावरचा इलाज १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सापडला, आणि तो मला आजही जादूसारखा वाटतो. ॲसिडात अर्ध्या टक्क्याच्या जरा वर हायड्रोजन फ्लोराइड घालायचा. हा फ्लोराइड एरवी काचही खातो. पण इथे तो धातूवर फ्लोराइडचा पापुद्रा चढवतो, आणि तो पापुद्रा ॲसिडाला आत येऊ देत नाही. झीज कितीतरी पटींनी खाली आली. रशियनांनी त्याच कामाला आयोडीनही वापरलं. असं पापुद्रा चढवणारं लाल ॲसिड भरून अमेरिकेची ‘एजेना’ ही रॉकेटची वरची पायरी वर्षानुवर्षं उडत राहिली, आणि रशियाचं ‘कॉसमॉस-३एम’ रॉकेट तर २०१० पर्यंत.

पण टायटॅनियमनं धडा दिला. हलका, मजबूत, न गंजणारा धातू. ॲसिडात ठेवून बघितला तर झीज जवळजवळ शून्य. सगळ्यांना वाटलं, सापडलं भांडं. १९५३ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर एक तंत्रज्ञ लाल ॲसिडात ठेवलेले टायटॅनियमचे नमुने तपासत होता. ते अचानक फुटले. काचा उडाल्या, खोली त्या वायूनं भरली आणि तो माणूस गेला. पाणी फार कमी आणि डायऑक्साइड फार जास्त असलं तर टायटॅनियमवर असा थर तयार होतो की नुसत्या धक्क्यानं तो पेट घेतो. झीज मोजणाऱ्या आकड्यांत हे कुठेच दिसत नव्हतं.

इथे आपल्या भागाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर ज्या शोनबाइनचं नाव आलं, त्यानंच १८४६ मध्ये कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची क्रिया करून गन-कॉटन बनवलं. दिसायला साधा कापूस, पण ठिणगी लागली की राख न ठेवता भक्कन उडतो. आपण पऱ्हाटीच्या मुलखातली माणसं. अंगात कापूस, हात पुसायला कापसाची चिंधी, पलंगावर कापसाची गादी. दाट ॲसिड कापसाच्या कापडावर सांडलं तर कापड नुसतं जळत नाही, त्यातला काही भाग त्या स्फोटक जातीचा होऊ शकतो. आमच्या कामात पहिल्या दिवशी पहिली सूचना हीच होती, की सुती कपड्यात या भिंतीच्या आत यायचं नाही. सांडलेल्या ॲसिडावर लाकडाचा भुसा टाकायचा नाही, ही दुसरी. भुशानं पुसलं तर थोड्या वेळानं तो भुसाच पेटतो. गावोगावच्या दुकानांत आजही असं पुसतात आणि मला ते बघवत नाही.

साठच्या दशकात नायट्रिक ॲसिडाची जागा त्याच्यात विरघळवल्या जाणाऱ्या त्या टेट्रॉक्साइडनंच घेतली. अमेरिकेचं ‘टायटन-२’, अपोलोची चांद्रयानं, रशियाचं ‘प्रोटॉन’, सगळी त्यावर. कारण परत भांड्याचंच. कोरडा टेट्रॉक्साइड साध्या पोलादाला आणि ॲल्युमिनियमला फारसा त्रास देत नाही. बंद टाकीत वर्षानुवर्षं राहतो, आणि ॲसिडासारखा मोडून दाब वाढवत नाही. ऑक्सिजनही जास्त देतो, वजनाच्या जवळपास ७० टक्के. तोटा असा की तो २१ अंशांना उकळतो आणि उणे ११ ला गोठतो. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस तो उघड्या भांड्यात द्रव म्हणून राहणारच नाही, त्यामुळे टाकी दाबाची लागते. उलट बाजूनं, हिमात उभी राहणारी क्षेपणास्त्रं ॲसिडाला बराच काळ चिकटून राहिली, कारण तिथे टेट्रॉक्साइड गोठतो.

‘कोरडा’ या शब्दावर मात्र सगळं उभं आहे. टेट्रॉक्साइडला थोडं पाणी मिळालं की त्याचं परत नायट्रिक ॲसिड होतं, आणि तेही फ्लोराइडच्या पापुद्र्याशिवायचं. म्हणून टाकी भरण्याआधी आम्ही ती कोरड्या नायट्रोजननं तासन्‌तास वाळवायचो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम किती कंटाळवाणं असतं ते बाहेरच्याला कळणार नाही. दवबिंदू मोजायचा, म्हणजे आत किती ओलावा उरला ते बघायचं, परत वायू सोडायचा, परत मोजायचा. श्रावणात एका टाकीसाठी आम्ही दोन पाळ्या घालवल्या आहेत.

टायटॅनियमही परत आला. अपोलोसाठी १९६५ मध्ये टायटॅनियमच्या टाक्यांत टेट्रॉक्साइड भरून चाचण्या चालू होत्या, आणि टाक्यांना तडे जाऊ लागले. शोध घेतल्यावर कळलं, की द्रव जितका शुद्ध तितका तडा लवकर. पूर्वीच्या मालात थोडा नायट्रिक ऑक्साइड अशुद्धी म्हणून राहायचा आणि त्यानं द्रवाला हिरवट छटा यायची. तो काढून टाकला आणि टाक्या फुटू लागल्या. मग तो परत मुद्दाम घालायला सुरुवात झाली. आज आपल्या उपग्रहांत जे ‘मॉन-३’ असतं, त्यातला तीनचा आकडा हाच: तीन टक्के नायट्रिक ऑक्साइड. शुद्ध म्हणजे चांगलं, हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलेलं असतं, की ही गोष्ट मी नव्या मुलांना दोनदा सांगायचो.

आणि २० एप्रिल २०१९ ला परत एकदा. स्पेसएक्सचं ‘क्रू ड्रॅगन’ यान जमिनीवरच्या चाचणीत फुटलं. यानात माणूस नव्हता. टेट्रॉक्साइडचा थोडा द्रव झडपेतून गळून हीलियमच्या नळीत गेला होता. हीलियमचा दाब चढवल्याबरोबर तो गोळीसारखा टायटॅनियमच्या झडपेवर आदळला आणि ती झडपच पेटली. १९५३ च्या त्या अपघाताला ६५ वर्षं होऊन गेली होती.

घाईचीही एक गोष्ट. २४ ऑक्टोबर १९६० ला बायकोनूर या सोव्हिएत तळावर आर-१६ हे क्षेपणास्त्र उभं होतं. आत ॲसिड आणि त्याला भेटताच पेटणारं डायमिथिलहायड्रॅझिन हे इंधन भरलेलं होतं. द्रव झडपांपर्यंत पोचला होता आणि सील फार दिवस टिकणार नव्हते. त्यामुळे रिकामं करून परत न्यायचं की तिथेच दुरुस्त करून उडवायचं, असा पेच होता. सोव्हिएत क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेडेलिन यांनी दुरुस्ती चालू ठेवली आणि स्वतः जवळ खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या टप्प्याचं इंजिन चुकीच्या विद्युत संदेशानं सुरू झालं, आणि त्याच्या ज्वाळेनं खालची टाकी फुटली. सत्तरहून जास्त माणसं गेली, नेडेलिनसुद्धा. माझे वरिष्ठ ही गोष्ट सांगताना एकच वाक्य जोडायचे: “भरलेल्या टाकीजवळ पाना न्यायचा नाही.”

आता तो तपकिरी धूर. वणी-घुग्घुसच्या उघड्या कोळसा खाणींजवळ राहणाऱ्यांनी सुरुंगानंतरचा नारिंगी ढग पाहिला असेल. अमोनियम नायट्रेटची स्फोटकं ओली झाली किंवा मिश्रण बिघडलं की तो निघतो. तो आणि तुझ्या वडिलांच्या भांड्यावरचा धूर एकच, नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा कपटीपणा असा, की तो पाण्यात पटकन विरघळत नाही. अमोनिया नाकाघशातच इतका झोंबतो की माणूस पळतो. हा मात्र खोल फुफ्फुसात उतरतो, तिथे ओलाव्याशी मिळून हळूहळू ॲसिड बनवतो, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरू लागतं.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका जागी, नाव सांगत नाही, एका जोडावर टेफ्लॉनच्या जागी साधा रबरी गॅस्केट बसवला गेला होता. एप्रिलच्या दुपारी तो गेला. आम्ही दोघं मुखवटे घालून होतो. वाऱ्याच्या खालच्या बाजूला एक मदतनीस उभा होता, त्यानं दोन-तीन श्वास घेतले. खोकला आला, दहा मिनिटांत थांबला. म्हणे, “मले काही नाही झालं, मी घरी जातो.” त्याच्या पुतणीचं लग्न होतं. आमच्या पर्यवेक्षकानं त्याला सोडलं नाही, भांडून दवाखान्यात ठेवून घेतलं. रात्री अकराच्या सुमारास त्याला श्वास पुरेना. ऑक्सिजन हाताशी होता म्हणून वाचला. तो सायकलनं घरी गेला असता तर गाव बावीस किलोमीटर लांब होतं. त्या पर्यवेक्षकाच्या पाया पडावंसं मला आजही वाटतं.

अमेरिका-रशियाच्या संयुक्त अपोलो-सोयूझ मोहिमेतही असंच झालं. २४ जुलै १९७५ ला स्टॅफर्ड, ब्रँड आणि स्लेटन हे अमेरिकी अंतराळवीर परतत असताना टेट्रॉक्साइडचा वायू त्यांच्या कक्षात आला. तिघेही पाण्यात सुखरूप उतरले, पण त्यांना होनोलुलूत रुग्णालयात ठेवावं लागलं. म्हणून वडिलांना सांग: धूर छातीत गेला असं वाटलं तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे जायचं, आणि ‘नायट्रिकचा धूर गेला’ हे शब्द वापरायचे. एक दिवस तरी नजरेखाली राहायचं.

आपल्या देशातलं आजचं चित्र थोडक्यात. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा ‘विकास’ इंजिनावर चालतो आणि त्यात टेट्रॉक्साइड असतो. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला सरकारी कंपनीचा टेट्रॉक्साइडचा कारखाना होता. २०१७ मध्ये तिथली बाकीची उत्पादनं बंद करायचं ठरलं तेव्हा हा एकच कारखाना इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला. मंगळयानाचं ४४० न्यूटनचं इंजिन आणि चंद्रयान-३ च्या लँडरची इंजिनंही याच घराण्यातली.

मंगळयानाची गोष्ट मला सगळ्यात जवळची. १ डिसेंबर २०१३ ला ते इंजिन चालून यान मंगळाकडे निघालं, आणि मग जवळपास दहा महिने ते बंद होतं. आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा होता तो एवढ्यासाठीच, की इतके दिवस ऑक्सिडायझरचा वायू झडपांशी काय करत असेल. इस्रोनं नळ्यांचा दुसरा समांतर मार्ग ठेवला होता. २२ सप्टेंबर २०१४ ला इंजिन सुमारे चार सेकंद चालवून बघितलं, आणि २४ तारखेला सकाळी पूर्ण. मी त्या सकाळी वावरात होतो, लवकरचं सोयाबीन सोंगायला आलं होतं. धुऱ्यावर मोबाइल धरून ऐकलं. सोबतच्या बाया विचारत होत्या, काका काऊन रडता. टाकी टिकली, झडप उघडली, एवढंच मी त्यांना सांगू शकलो.

आता तुझं प्रोजेक्ट. इंजिन नको, भांड्याचा प्रश्न घे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, धूर ओढणाऱ्या कपाटात, सर शेजारी उभे असताना, काचेच्या भांड्यांत शोनबाइनचाच खिळा करून बघ. एक खिळा पातळ ॲसिडात, एक दाट ॲसिडात, आणि तिसरा आधी दाट ॲसिडात शांत करून मग पातळ ॲसिडात. तिसरा काही वेळ गप्प राहतो. मग काचेच्या कांडीनं त्याला ओरखडा दिला की तिथून फसफसायला लागतो. वेगवेगळ्या ताकदीच्या ॲसिडात किती वेळात किती वजन घटलं त्याचा आलेख काढ. ॲल्युमिनियमच्या पट्टीवरही तेच कर. वजन करण्याआधी तुकडा पाण्यानं भरपूर धुऊन पूर्ण वाळव, नाहीतर आकडे फसवतील. पुसायला कापूस वापरू नको.

आणि दुकानातली बाटली आजच बघ. गडद तपकिरी काचेची असावी, खिडकीच्या उन्हात नसावी, तिच्या फळीवर स्पिरिट, ॲसिटोन, रॉकेल किंवा चिंध्या नसाव्यात. वापरलेलं तेजाब साठवायची बाटली कधीही घट्ट बंद करू नका, आणि तिच्यात दुसरं काही ओतू नका. मे महिन्यात तिचं बूच उघडताना तोंड बाजूला ठेवा.